राख एकदा येते, विष दरसाल येते

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कपाशीच्या भावाबद्दल बोलणार नाही. त्यावर सकाळपासून पुष्कळ बोलून झाले आहे. मी बोलणार आहे एका ज्वालामुखीबद्दल आणि एका तांब्याच्या खाणीबद्दल. दोन्ही जपानमधले. मागे लिंबाखाली बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणेल, "इथं विहिरीला पाणी नाही आणि हे जपानचं काय घेऊन बसले?" त्या भावाने अर्धा तास कळ काढावी. गोष्ट जपानची असली तरी माणसे आपल्याच जातीची आहेत. शेतकऱ्याची जात जगभर एकच.

आणि ज्वालामुखी आपल्याला परका नाही. ज्या काळ्या रानात तुम्ही औत धरता ती माती ज्वालामुखीची लेक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर बसले, त्याचा काळा पत्थर झाला. तो पत्थर ऊनपावसाने झिजला आणि त्याची कपाशीची काळी झाली. तेव्हा ज्वालामुखी म्हणजे निव्वळ सत्यानाश असे समजू नका. तो मारतो, आणि काळ गेला की देतोही. खाणीचे विष मात्र देत काहीच नाही. हा फरक आज मला सांगायचा आहे.

डोंगर फुटला

जपानच्या मधल्या भागात आसामा नावाचा डोंगर आहे. १७८३ सालच्या मे महिन्यात तो धुमसू लागला आणि ऑगस्टच्या ४ व ५ तारखेला त्याने कहर केला. डोंगराच्या उत्तरेला कानबारा नावाचे गाव होते. ५ ऑगस्टला दगडमातीचा प्रचंड लोंढा उतरला आणि गाव गाडले गेले. गावात ५७० माणसे होती. त्यांपैकी ४७७ मेली, ९३ वाचली.

वाचली ती मुख्यतः टेकडीवरच्या देवळाकडे पळालेली. देऊळ कन्नोनचे. कन्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, जपानमध्ये पोचलेला. औरंगाबादच्या लेण्यांत आगीपासून, चोरांपासून, बुडत्या जहाजातून माणसांना तारणारा अवलोकितेश्वर आपल्याच काळ्या पत्थरात कोरलेला आहे. कानबाराच्या देवळाला ५० पायऱ्या होत्या. आज त्यांतल्या १५ वर दिसतात, बाकीच्या मातीखाली आहेत. १९७९ साली तिथे खोदकाम झाले तेव्हा गाडलेल्या पायऱ्यांवर दोन बायांचे सांगाडे सापडले. एकीने दुसरीला पाठीवर घेतले होते. पाठीवरची वयाने मोठी होती. सासू असेल, आई असेल. तिला खाली टाकून ती तरुण बाई पळाली असती तर कदाचित वाचली असती. तिने टाकले नाही. मायबहिणींनो, इतिहासाच्या पुस्तकात राजांची नावे असतात. या बाईचे नाव कुणालाच माहीत नाही.

पुढची गोष्ट आणखी ऐकण्यासारखी आहे. वाचलेल्या ९३ जणांत कुणाची बायको गेली होती, कुणाचा नवरा, कुणाचे आईबाप. शेजारच्या गावांतल्या तालेवार माणसांनी त्यांना आसरा दिला, खायला दिले. मग सगळ्यांना एकत्र बसवून सांगितले की, आता मोठे घर आणि लहान घर असा भेद राहिला नाही, जे वाचले ते सारे एका रक्ताचे. विधुरांची विधवांशी लग्ने लावली. पोरक्या लेकरांना मूल गमावलेल्या घरांत दिले. गाव पुन्हा उभे राहिले आणि आजही त्याच जागेवर आहे.

तो लोंढा आगात्सुमा नदीत उतरला, तिथून टोने नदीत गेला. वाटेतली गावे वाहून गेली. एकूण दीड हजाराच्या आसपास माणसे मेली. शेतांवर राख आणि चिखल साचला. तेव्हा शेतकऱ्यांनी काय केले? अर्ज करीत बसले नाहीत. शेतात लांब चर खणले, वरचा राखेचा थर खाली ढकलला आणि खालची जुनी माती वर काढली. त्या भागात आज रस्त्यासाठी, धरणासाठी खोदकाम होते तेव्हा हे चर ओळीने सापडतात. सारे हाताने, कुदळीने केलेले. राख एकदा आली, शेतकऱ्याने ती गाडली आणि पुन्हा पेरले.

भूक कुणी आणली?

त्याच सुमारास जपानमध्ये मोठा दुष्काळ पडला. १७८२ ते १७८८ अशी त्याची वर्षे सांगतात. १७८० आणि १७८६ या दोन सरकारी शिरगणत्यांमध्ये लोकसंख्या ९ लाख २० हजारांनी कमी भरली. शहाणे लोक म्हणाले, आसामाने केले. डोंगरावर दोष टाकणे सोपे असते. डोंगर काही उत्तर द्यायला येत नाही.

खरे काय ते नीट पाहू. मोठा ज्वालामुखी थंडी आणतो हे खोटे नाही. त्यातून गंधकाचा वायू आकाशात फार उंच जातो, तिथे त्याचे बारीक थेंब होतात आणि उन्हावर पडदा येतो. त्याच १७८३ सालच्या ८ जूनला आइसलँड बेटावर लाकी नावाची जमिनीची भेग फुटली आणि आठ महिने वाहत राहिली. तिच्यातून सुमारे १२ कोटी टन गंधकाचा वायू बाहेर पडला. विषारी गवत खाऊन आइसलँडची जनावरे मेली आणि मग पाचातला एक माणूस मेला. उत्तरेकडची जमीन थंडावली की मोसमी पाऊस अंग चोरतो. शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवले आहे की लाकीमुळे आफ्रिकेचा आणि हिंदुस्थानचा पाऊस कमजोर झाला. इजिप्तमध्ये नाईलचा पूर कमी आला. आपल्या उत्तर हिंदुस्थानात त्याच सुमारास चालिसा दुष्काळ पडला. विक्रम संवत १८४० म्हणून चालिसा. पण त्या वर्षांत समुद्राकडून पाऊस बिघडवणारा एल निनोही होता. तेव्हा सारा दोष एकट्या लाकीच्या माथी मारता येत नाही.

जपानमध्येही तेच. उत्तरेकडे उन्हाळ्यात समुद्रावरून थंड वारा सुटला की भाताचा दाणा भरत नाही. १७८२ चे पीक आधीच कमी आले होते आणि १७८३ चा उन्हाळा आसामा फुटण्याआधीपासूनच थंड होता. म्हणजे डोंगराने दुष्काळात भर घातली असेल, पण दुष्काळाची सुरुवात त्याने केली नाही.

आता मुख्य प्रश्न. थंडी सगळ्या उत्तर भागात होती. मग माणसे सगळीकडे सारखीच का मेली नाहीत?

अगदी उत्तरेला त्सुगारु नावाचे संस्थान होते. तिथे ऐंशी हजारांवर माणसे मेली, तिघांतला एक. शेतकऱ्याचा सारा भातातच वसूल व्हायचा. संस्थानिकाच्या डोक्यावर ओसाका आणि एदोच्या सावकारांचे कर्ज. त्या वर्षी शहरात तांदळाचा भाव चढला होता, म्हणून कोठारातला तांदूळ जहाजांत भरून रवाना झाला. १७८३ साली आओमोरी बंदरात लोकांनी दंगा केला, की हा तांदूळ बाहेर नेऊ नका. पीक बुडाले तेव्हा कोठारे रिकामी होती.

इथे कुणी पुस्तकी पंडित म्हणेल, "पाहा, तांदूळ बाजारात गेला म्हणून माणसे मेली." मी त्याला विचारतो, तो तांदूळ कुणाचा होता? पिकवणाऱ्याने तो विकला होता का? विकला असता तर त्याच्या कनवटीला पैसा राहिला असता. तो साऱ्यात उचलून नेला होता. आणि पैसा घेऊन तरी तो कुठे जाणार? दुष्काळ पडताच शेजारच्या संस्थानांनी आपापल्या हद्दी बंद केल्या, धान्य बाहेर जाऊ द्यायचे नाही. झोनबंदी, जिल्हाबंदी ज्यांनी पाहिली आहे त्या जुन्या माणसांना हे समजावून सांगायला नको. एका हद्दीत धान्य कुजते आणि पलीकडच्या हद्दीत माणूस झाडाची साल खातो.

याच्या उलट शिराकावा संस्थान. तिथेही थंडी होती, तिथेही पीक गेले. तिथला तरुण संस्थानिक मात्सुदाइरा सादानोबु याने बाहेरून तांदूळ विकत घेऊन आणला आणि वाटला. तिथे भुकेने माणूस मेला नाही असे सांगितले जाते. पुढे १७८७ साली एदो शहरात तांदळाच्या दुकानांवर दंगे झाले, तेव्हा याच माणसाला राज्याच्या कारभारावर बसवले. त्याने प्रत्येक संस्थानाला दर दहा हजार कोकू उत्पन्नामागे पन्नास कोकू धान्य राखीव ठेवायला लावले. कोकू म्हणजे एका माणसाचा साधारण वर्षाचा तांदूळ.

थंडी एकच. एका संस्थानात तिघांतला एक मेला, दुसऱ्यात भूक निभावली. पीक बुडते ते आकाशाने. माणसे मरतात ती कारभाराने.

दुसरा डोंगर

आसामापासून शंभर किलोमीटरच्या आत आशिओ नावाची तांब्याची खाण आहे. तिच्या डोंगरातून वातारासे नदी निघते आणि खाली जाऊन त्याच टोने नदीला मिळते. म्हणजे राखेचा लोंढा आणि खाणीचे विष, दोन्ही एकाच नदीच्या खोऱ्यात.

खाण १६१० सालची. पण १८७७ मध्ये फुरुकावा इचिबेइ या उद्योगपतीच्या हाती ती आली आणि पुढच्या काही वर्षांत तांब्याच्या मोठ्या शिरा लागल्या. जपानला तेव्हा कारखाने हवे होते, आरमार हवे होते, त्यासाठी परकीय चलन हवे होते. तांबे परदेशी जात होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशातले सुमारे ४० टक्के तांबे आशिओचे होते.

खाणीच्या टेकूंसाठी आणि भट्टीसाठी डोंगरावरची झाडे तोडली. भट्टीच्या गंधकी धुराने उरलेली मेली. मात्सुगी नावाच्या वरच्या गावात तुतीची झाडे जळाली, म्हणजे रेशमाच्या किड्यांचा पाला गेला. घोडे मेले. १९०२ मध्ये ते गाव ओस पडले. डोंगर उघडा झाल्यावर पाणी धरणार कोण? पूर वाढले. पुराबरोबर खाणीचा चोथा, तांबे आणि सोमल भातखाचरांत येऊन बसू लागले. १८८५ च्या सुमारास नदीत मासे मरू लागले. १८९० च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला आणि ज्या रानात गाळ बसला तिथे भात उगवेना.

लक्षात घ्या, या खोऱ्यात पूर नवा नव्हता. पूर्वी पूर आला की शेतकरी खूश व्हायचा, कारण तो डोंगराचा कुजलेला पाला घेऊन यायचा आणि पुढच्या वर्षी खत घालावे लागत नसे. तीच नदी, तोच पूर. वर खाण बसली आणि खताचे विष झाले.

शेतकऱ्यांनी पुन्हा कुदळ उचलली. वरची विषारी माती खरवडून शेताच्या कोपऱ्यात ढीग लावले. त्या ढिगांना विषाच्या टेकड्या म्हणत. आसामाच्या वेळी आज्यापणज्यांनी हेच केले होते. पण राख एकदा येऊन थांबली होती. हे विष दर पुराला नवे येत होते. खरवडणार तरी किती? कुदळ निसर्गाशी लढू शकते. दुसऱ्याच्या नफ्याशी लढायला कुदळ पुरत नाही.

कारण अजून नक्की नाही

त्या जिल्ह्यात पाटलाच्या घरी जन्मलेला तानाका शोझो नावाचा माणूस १८९० मध्ये जपानच्या पहिल्या संसदेत निवडून गेला. १८९१ मध्ये त्याने प्रश्न विचारला : राज्यघटनेने मालमत्तेला संरक्षण दिले आहे, सार्वजनिक हिताला बाधा आली तर खाणीचा परवाना काढून घ्यायची तरतूद कायद्यात आहे, मग सरकार गप्प का?

उत्तर काय आले? नुकसान झालेले दिसते, पण कारण नक्की नाही, चौकशी चालू आहे. हे उत्तर कुठेतरी ऐकल्यासारखे वाटते की नाही? ज्या मंत्र्याच्या खात्याचे हे उत्तर होते, त्या मुत्सु मुनेमित्सु यांचा दुसरा मुलगा खाणमालक फुरुकावाने दत्तक घेतलेला होता.

पण शेतकरी चौकशीची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी माती तपासायला कृषी महाविद्यालयाकडे दिली. कोझाई योशिनाओ या प्राध्यापकाने पृथक्करण करून स्वच्छ सांगितले की रान मेले ते तांब्याने. एका प्रामाणिक तपासणीच्या कागदाने जे केले ते शंभर अर्जांनी झाले नव्हते.

मग खाणवाल्यांनी दुसरा मार्ग धरला. गावोगावी मध्यस्थ फिरले. थोडी रक्कम हातात ठेवली आणि कागदावर सही घेतली की, जून १८९६ पर्यंत तक्रार करणार नाही. तोवर आम्ही यंत्रे बसवून चोथा अडवतो. काही ठिकाणी तर कायमची तक्रार सोडल्याच्या सह्या घेतल्या. घरात दाणा नसलेला माणूस सही करतो, त्याला मी दोष देत नाही. पण १८९६ च्या सप्टेंबरात आधीच्यापेक्षा मोठा पूर आला. विष आले, आणि हात सहीने बांधलेले.

१८९७ मध्ये शेतकरी पायी टोकियोला गेले. तेव्हा कुठे सरकारने खाणीला गाळण्याची कुंडे आणि धूर शुद्ध करण्याची यंत्रणा बांधायचा हुकूम दिला. आणि शेतकऱ्यांना काय दिले? सारा माफ केला. लोकांना आनंद झाला. पण त्या काळी मताचा हक्क ठरावीक कर भरणाऱ्यालाच होता. सारा माफ झाला आणि त्याबरोबर मतही गेले. भावांनो, हे विसरू नका. सरकार एका हाताने सूट देते तेव्हा दुसऱ्या हाताने काय काढून घेतले ते आधी पाहावे.

१३ फेब्रुवारी १९०० रोजी हजारो शेतकरी पुन्हा टोकियोला निघाले. कावामाता गावापाशी टोने नदीच्या अलीकडे पोलिसांनी त्यांना झोडपले. ५१ जणांवर खटले भरले. दोन वर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९०२ मध्ये फिर्यादीच्या कागदातल्या चुकीवरून खटला निकालात निघाला.

तानाकाने संसदेचा राजीनामा दिला. १० डिसेंबर १९०१ ला रस्त्यातून बादशहाची गाडी जात असताना साठ वर्षांचा हा माणूस हातात अर्ज घेऊन धावला. पहारेकऱ्यांनी पकडला. खटला भरला असता तर सारे प्रकरण चव्हाट्यावर आले असते. म्हणून वेडा म्हणून सोडून दिला.

मग सरकारने तोडगा काढला. खाण बंद करायची नाही. विषारी पूर साठवायला खाली मोठा तलाव करायचा आणि त्यासाठी यानाका हे गाव बुडवायचे. ज्याने विष केले त्याची खाण राहिली, ज्याच्या रानात विष आले त्याचे गाव गेले. बहुतेकांनी मिळेल ती किंमत घेऊन गाव सोडले. १६ घरे राहिली. १९०७ मध्ये पोलिसांनी तीही पाडली. तानाका आधीच त्यांच्यात राहायला गेला होता. ४ सप्टेंबर १९१३ ला तो वारला, तेव्हा त्याच्या पिशवीत काही कागद, राज्यघटना, ख्रिस्ती धर्मग्रंथाचा भाग आणि काही लहान दगड निघाले. सारी मालमत्ता एवढीच.

विष म्हातारे होत नाही

खाण १९७३ मध्ये बंद झाली. गोष्ट संपली असे वाटेल. १९५८ मध्ये चोथ्याचा एक बांध फुटला होता आणि पुन्हा रानात विष आले होते. तेव्हापासून शेतकरी पुन्हा उभे राहिले, आणि १९७४ मध्ये कंपनीने त्यांना १५५ कोटी येन भरपाई देण्याचे मान्य केले. तानाकाच्या पहिल्या प्रश्नापासून ८३ वर्षे झाली होती. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा तोच जुना ढिगारा घसरला आणि वातारासेच्या पाण्यात शिसे मर्यादेपेक्षा जास्त सापडले. खाण बंद होऊन ३८ वर्षे झाल्यावर!

आसामाची राख मातीत मुरली, आज तिथे कोबी पिकतो. आशिओच्या उघड्या डोंगरावर लोक आजही माती वाहून नेऊन झाडे लावत आहेत. धातू कुजत नाही, जळत नाही. तो मातीत बसला की नातवापर्यंत वाट पाहतो.

आता घरी जाताना तीन गोष्टी गाठीला बांधून न्या.

पहिली. कारखान्याच्या, खाणीच्या किंवा शहराच्या गटाराच्या पाण्याजवळ ज्याचे रान आहे, त्याने माती आणि विहिरीचे पाणी आजच तपासून घ्यावे; नुसते नत्र-स्फुरद-पालाश नव्हे, शिसे, कॅडमियम, सोमलही. आज रान चांगले असताना काढलेला कागद उद्या पुरावा होतो. रान मेल्यावर कागद काढाल तर म्हणतील, तुमची जमीन पहिल्यापासूनच अशी होती. आणि तो कागद घरात, ट्रंकेत, स्वतःजवळ ठेवा.

दुसरी. "पुढे तक्रार करणार नाही" असे लिहिलेल्या कागदावर एकट्याने सही करायची नाही. गावाने बसून वाचावा, मग ठरवावे.

तिसरी. आकाश कोपले, डोंगर फुटला, तर त्याला कुणी जबाबदार नसते. तिथे कानबाराच्या लोकांसारखे एकमेकांना धरून उभे राहायचे. पण जिथे नुकसान एकाचे आणि नफा दुसऱ्याचा असेल, तिथे दैवाचे नाव घेऊन गप्प बसायचे नाही. हिशेब मागायचा.

पाठीवरच्या म्हातारीला त्या बाईने पायरीवर टाकले नाही. आपल्या पाठीवर ही काळी आई आहे. एवढे बोलतो आणि थांबतो.